चिमूटभर कीस

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवालाही नाही — देवाला ठाऊक असणारच, मग वेगळं सांगायचं कशाला, अशी मी माझी सोय करून घेतली होती. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात कधी नव्हतीच — आणि पुढचं सगळं त्यावरच तर उभं आहे.

निमित्त अगदी फालतू. नातसुनेनं हॉल आवरायला काढला, त्यात एक जुना स्पीकर निघाला, आतला कागद फाटलेला. तिनं सहज विचारलं, "आजी, याचं काय करायचं? भंगारात देऊ?" आणि मी तिच्यावर खेकसले. मला काय विचारतेस म्हणाले. पोरगी बघतच राहिली. एरवी मी तिच्या बाजूनं असते, दोघी मिळून तिच्या सासूची नक्कल करतो. त्या दिवशी मात्र माझा चहा तसाच गार झाला.

मोडक्या लाऊडस्पीकरचं काय करायचं — हे मला विचारावं? एकदा मी त्याचं उत्तर शोधलं होतं. फार हुशारीनं शोधलं होतं.

मी लग्न होऊन रहाटणीत आले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. मी साताऱ्याची, मॅट्रिक पास, आणि त्याचा असा तोरा की जणू काही मॅट्रिकचा शोध मीच लावला होता. हे पिंपरीला एका कंपनीत, ग्राइंडिंगच्या खात्यात. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. माणसं तीन — हे, मी, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तिघांना दोन खोल्या म्हणजे त्या काळी चैनच की. पण घरात आम्ही तिघंच राहत नव्हतो ना. लाऊडस्पीकर राहत होते.

मामंजी स्पीकरवाले. काळेवाडीपासून वाकडपर्यंत कुठं लग्न असो, भजन असो, माईक लागला की त्यांना सांगावा यायचा. पण त्यांचा खरा जीव दुरुस्तीत. कुणाचा स्पीकर फाटला, बसला, घरघरायला लागला, की तो आमच्या दारात. दुरुस्त होऊन गेला तर ठीक, पण कितीतरी मालक पुन्हा फिरकायचेच नाहीत. मग ती अनाथ पोरं आमच्याच पदरात. खाटेखाली स्पीकर, फळीवर स्पीकर, मोरीच्या भिंतीला टेकून स्पीकर. एका चेपलेल्या कर्ण्यात शेजारणीची कोंबडी येऊन अंडं घालायची, आणि ते अंडं कुणाचं यावर आमचं भांडण व्हायचं.

यातले काही टाकून द्यायचे का, असं मी एकदा घाबरत घाबरत विचारलं. घरातल्या आजारी माणसाला बाहेर नेऊन ठेवा म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जित्तं हाय गं ते," म्हणाले. "निस्तं गप झालंय."

आता माझं दुखणं ऐका. हसू नका — किंवा हसा, मीही हसते त्या बाईला. मला शोकेस हवी होती. काचेची, सरकत्या दाराची. चिंचवडला यांच्या मित्राच्या क्वार्टरमध्ये मी तशी पाहिली होती — आत प्लास्टरचा ताजमहाल, मान हलवणारी बाहुली, उलटे मांडलेले कप. ती पाहून आले आणि मला जेवण जाईना. एवढी मॅट्रिक पास बाई आणि घरात काय दाखवायला? तर फाटके भोंगे. यांना म्हटलं तर म्हणाले, घेऊ की, पण ठेवणार कुठं? आणि खरंच होतं. घरात सरळ भिंत एकच, आणि तिच्यापुढे स्पीकरची चळत.

मामंजींचं काम मी रोज बघत होते. बघत कसली, हाताखालीच होते. मैद्याची खळ मीच शिजवून द्यायची. पतंगाच्या कागदाचे तुकडे खळीत भिजवून ते स्पीकरच्या फाटलेल्या कागदी पडद्याला लावायचे, इतके अलगद, जशी तान्ह्या बाळाला तीट लावावी. मधली कागदाची टोपी काढलेली असायची. तिच्या आत तारेचं वेटोळं आणि चुंबक, आणि दोघांत केसाएवढी फट. त्या फटीत काही म्हणजे काही जाता कामा नये. सगळं झालं की ते डोळे मिटायचे, दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा हळूच आत दाबायचे, सोडायचे, आणि कान अगदी जवळ नेऊन ऐकायचे. कुठं किंचित घासतंय का. घासत नसलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तेव्हा नीट पाहिलं नाही. मग खळ थोडी सुकेपर्यंत तो तसाच उघडा ठेवायचा, चहा पिऊन यायचं, आल्यावर टोपी चिकटवायची. आणि टोपी एकदा बसली की त्याला हात लावायचा नाही, तो थेट मांडवात बोलणार. हा त्यांचा नियम.

एवढं मला सगळं नीट माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट माझ्या हाताशी होती. हे कंपनीतून आले की दारातच पँट झटकायचे. पँटच्या दुमडीतून लोखंडाचा कीस पडायचा, काळा, बारीक, चमचमता. अनवाणी पायाला टोचायचा म्हणून मी तो रोज झाडून एका डब्याच्या झाकणात गोळा करायची.

समजलं ना तुम्हाला? तुम्ही हुशार आहात. मीही होते.

गावात सप्ताह बसला होता. त्याचे स्पीकर मामंजी दर वर्षी लावायचे, सेवा म्हणून. काल्याच्या कीर्तनाला गर्दी फार, म्हणून स्पीकरच्या आणखी दोन पेट्या लावायच्या ठरल्या. त्यांचे पडदे फाटले होते, ते मामंजींनी आदल्या दिवशी भरून काढले. ऐकले. "साफ हाय," म्हणाले, आणि चहाला चौकात गेले. भर दुपार होती. दार उघडं होतं. मी झाकण आणलं आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमध चिमूट चिमूट कीस सोडला — आमटीत मीठ घालावं तसा. चुंबकानं तो हातातून ओढूनच घेतला म्हणा ना. मला गंमत वाटली त्याची. खरंच सांगते, मी हसले.

माझा हिशेब असा होता, की दुरुस्त केलेले स्पीकर चारचौघांत खरखरले की म्हाताऱ्याला कळेल, फाटकं ते फाटकंच. मग वैतागून भंगारवाल्याला बोलावतील. भिंत मोकळी. ताजमहाल आत. याच्या पलीकडे माझी अक्कल गेली नाही.

मामंजी आले, टोप्या चिकटवल्या, झोपले.

दुसऱ्या दिवशी कीर्तन सुरू झालं आणि महाराजांनी पहिलाच शब्द उच्चारला तो खरवडून निघावा तसा. खर्र, खर्र. पोरं हसली. मग बायका पदर तोंडाला लावून हसल्या. महाराज विनोदी होते, म्हणाले, "माउली, माझा घसा बसलाय की तुमच्या पेटीचा?" आणि अख्खा मांडव हसला. मामंजी उठले. एका पेटीला कान लावला, मग दुसरीला. मग दोन्हींच्या वायरी स्वतःच्या हातानं काढल्या. मागच्या लोकांना शेवटपर्यंत काही ऐकू गेलं नाही. मी बायकांत बसले होते. हसत होते की नाही ते आठवत नाही — नेमकं तेवढंच आठवत नाही, बघा.

पण ते वैतागले नाहीत. माझा सगळा हिशेब तिथंच फसला. मांडवाबाहेर आमचे हे आणि शाळेतले गुरुजी यांच्यासमोर उभे राहून मामंजी एकच सांगत होते, घरी मला साफ वाटला होता, दोन्ही साफ वाटले होते. तेव्हा गुरुजी बोलले, अगदी मायेनं — वय झालं की बारीक आवाज आधी जातो, मोठं ऐकू येतं, म्हणून माणसाला कळत नाही. हे वडिलांना दादा म्हणायचे. म्हणाले, "दादा, कान गेले असतील तुमचे."

मामंजींनी थोडा विचार केला. म्हणाले, "व्हय. तसंच आसंल."

झालं. एवढंच. मी फासावर जाणाऱ्यासारखी तिथं उभी, की आता पेटी उघडतील, आता कीस दिसेल. कुणी उघडलीच नाही. ज्याच्या कानावर गाव विसंबलं होतं त्या माणसानं स्वतःचेच कान नाकारले — मग पेटी कशाला उघडायची?

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य. मामंजी, कीस मी घातला. केवढं लागतं ते बोलायला? मी घरी येताना बोलायचं ठरवलं, जेवण वाढताना बोलायचं ठरवलं, मग उद्या सकाळी. भीती कसली होती? हे माहेरी धाडतील याची. गावभर नाव होईल याची. त्या उद्याच्या नादात आठवडा गेला आणि एका सकाळी मामंजींनी आपणहून भंगारवाल्याला हाक मारली.

त्यानं ओट्यावरच तोडफोड केली. चुंबक एका पोत्यात, तांब्याची तार दुसऱ्यात, पडदे तिथंच चुरगळून. मामंजी आत पाठ करून बसले होते. भंगारवाला निघताना त्यांनी एकच पेटी मागं ठेवून घेतली, सप्ताहातल्या दोघांतली एक. म्हणाले, स्टुलासारखी बसायला होईल.

आणि शोकेस आली. होय, आली. ताजमहाल, मान हलवणारी बाहुली, सगळं. मामंजी म्हणाले, छान दिसतंय. बाहुली मान हलवत राहिली.

तो माणूस माझ्यादेखत बहिरा व्हायला शिकला. तुम्हाला वाटेल असं कसं होईल? होतं. पिंपरीकडून कंपन्यांचा भोंगा यायचा, वारं उलटं असलं की बारीकसा. पूर्वी तो झाला की ते चहा मागायचे. आता तो झाला की मान वर करायचे आणि मला विचारायचे, "झाला का गं भोंगा?" त्यांनी ऐकलेला असायचा. मला त्यांची मान दिसत होती ना वर झालेली. पण ऐकलं ते खरं की नुसतं वाटलं, याची खात्री ते माझ्याकडून करून घ्यायचे. माझ्याकडून! मी म्हणायची, हो मामंजी, झाला. याहून जास्त मला कधी काही म्हणता आलं नाही. एकदा मी चुलीपाशी स्वतःशीच पुटपुटले की दूध उतू चाललंय, पातेलं धरायला फडकं कुठं गेलं — आणि बाहेरच्या खोलीतून ते फडकं घेऊन आले. मग माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे म्हणाले, अंदाजानं आलो.

भजनाला जाणं त्यांनी सोडलं. लोक मोठ्यानं बोलायला लागले, मग कमी बोलायला लागले, मग नमस्कारावर भागवायला लागले. निस्तं गप झालंय — मला ते वाक्य आठवायचं. आणि मी काय करत होते? शोकेसची काच पुसत होते.

मग यांनी बोनसमधून पुण्याहून कानाचं यंत्र आणलं. डॉक्टरला दाखवायचं कुणाला सुचलंच नाही, अख्ख्या गावानं तर ऐकलं होतं. सदऱ्याच्या खिशात डबी, तिची वायर वर कानापर्यंत. मामंजींनी ते घातलं आणि त्यांचा चेहरा एकदम आक्रसला. "लई मोट्यानं येतंय रं," म्हणाले. हे म्हणाले, सवय होईल दादा. चांगल्या कानाच्या माणसाला ते यंत्र — म्हणजे काय होत असेल, कल्पना करा. फुलपात्र ठेवलं तरी दचकायचे. सदरा हलला तरी खसखस कानात. पण मुलानं हौसेनं आणलंय, म्हणून सकाळी घालायचे ते रात्री काढायचे. मी काय केलं सांगू? मी भांडी हळू ठेवायला लागले. बस. माझं प्रायश्चित्त एवढंच, आणि सगळे म्हणाले, सून किती समजूतदार.

कबुली इथंच संपली असती तर मी ती एव्हाना कुणाला तरी दिलीही असती. उनाडपणा होता म्हणाले असते, अंगलट आला म्हणाले असते. पण पुढे आणखी आहे.

माझी थोरली मुलगी रांगून चालायला लागली, बोलायला लागली. तिला कुठंतरी चुंबकाची गंमत कळली आणि तिनं आजोबांकडे हट्ट धरला. मामंजी ज्या पेटीवर रोज बसायचे तीच त्यांनी उलटी केली, स्पीकर काढला आणि चाकूनं टोपी उचकटली. मी आत कणीक मळत होते. भांडं पडावं तशी हाक आली.

"सूनबाई, हिकडं ये."

हात तसेच घेऊन गेले. यंत्र काढून त्यांनी खाली ठेवलं होतं. स्पीकर मांडीवर होता, आणि त्याच्या मधोमध, चुंबकाच्या कडेनं, तो कीस उभा होता. केसांसारखा ताठ. एवढ्या वर्षांत एक कण हलला नव्हता.

"हे बग," मामंजी म्हणाले, अगदी हळू. "म्हंजी कान न्हवतं गेलं माजं."

आणि ते हसले. तुम्ही तसं हसू कधी पाहिलं नसेल. खरं तर त्यांनी रागवायला हवं होतं. पण त्यांच्या मनातही नव्हतं ते. त्यांना आपले कान परत मिळाले होते. एवढाच आनंद.

मग त्यांनी विचारलं. विचारणारच ना? "पन ह्यो आला कुटनं?"

बघा, देवानं किती सोपं करून समोर ठेवलं होतं. ज्यानं सोसलं तोच विचारत होता, आणि खुशीत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझे हात कणकेनं भरलेले, तोंड तर रिकामं होतं. आणि मी म्हणाले — किती चटकन म्हणाले — "यांच्या पँटीतून पडला असेल. इथंच तर झटकतात रोज."

त्यांचं हसू गेलं. पुसल्यासारखं गेलं. मुलगी चुंबक द्या म्हणून त्यांचा सदरा ओढत होती.

"त्याला सांगू नगंस," शेवटी म्हणाले. "बापाचं काम आपल्या पायी गेलं म्हनून जिवाला लागंल त्याच्या. ऱ्हाऊ दे. तुज्या नि माज्यातच."

आणि त्यांनी खालचं यंत्र उचललं, पुसलं, आणि परत कानात घातलं.

हा माझा गुन्हा. कीस नव्हे. कीस एका मूर्ख पोरीनं घातला, तिला मी आजही फिदीफिदी हसू शकते. पण पँटीचं वाक्य — ते बोलणारी बाई पोर नव्हती. ती आई झालेली होती.

त्यानंतर मरेपर्यंत ते बहिरे राहिले, मुलासाठी. जो मुलगा निर्दोष होता त्याच्यासाठी. हे समोर बसून मोठ्यानं काही सांगायचे, आणि मामंजी कानामागं हात नेऊन ऐकायचं सोंग करायचे. मग हळूच माझ्याकडे बघून डोळे बारीक करायचे — आपल्याला माहीत आहे, हो ना? मी त्यांचं विश्वासाचं माणूस झाले होते. यंत्राचं बटण ते बंद ठेवायचे, हेही फक्त मलाच माहीत. मी पदर सारखा करायची आणि उठून आत जायची. त्या घरात आत म्हणजे तरी किती आत?

ते गेले तेव्हा लोक भेटायला आले. हे प्रत्येकाला सांगत होते, शेवटी शेवटी दादांना काहीच ऐकू येत नव्हतं हो. मी शेजारी बसून मान हलवत होते. शोकेसमधल्या त्या बाहुलीसारखी.

रहाटणीचं ते घर आता नाही. शोकेसही नाही, तिची काच शिफ्टिंगमध्ये फुटली. आता यांना ऐकू येत नाही, खरोखरच. खात्यातल्या मशिनींनी कान नेले यांचे, दुसरं काय. पण यांचा मुळीच तसा समज नाही. हे म्हणतात, आमच्या घराण्यातच आहे ते, दादांचंही असंच झालं. माझा मुलगा पन्नाशीच्या आतच दर वर्षी कान तपासून घेतो. आता नातवाच्या मागं लागलाय, तूही दाखवून घे, आपल्याकडे लवकर जातात. माझ्या चिमूटभर किसाचं घराणं झालंय.

परवा वाकडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, यांना घेऊन. तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. यांच्या कानातलं यंत्र काढण्याआधी तिनं मोठ्यानं विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का? यांनी लगेच सांगितलं, वडिलांना. तिनं नीट ऐकलं की नाही कोण जाणे, कारण यंत्र काढून यांच्या कानात बॅटरी मारता मारता तिनं तोच प्रश्न माझ्याकडे वळून पुन्हा विचारला. "आजी, होता का यांच्या वडिलांना?"

यांची पाठ माझ्याकडे होती. यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. मी काहीही बोलले असते तरी यांना ऐकू गेलं नसतं.

मी म्हटलं, "हो. होता."